मुदत भरल्यावर

साठविण्याची कला पुष्कळांना साधते. साठविलेल्या पैशाचें पुढें काय करावें, हें मात्र थोड्यांनाच उमगतें. पांच वर्षांच्या मुदतीनें ठेव ठेवणाऱ्या गृहस्थाला तीं पांच वर्षें विचार करण्याचें कारण पडत नाहीं. पण ज्या दिवशीं मुदत भरते त्या दिवशीं बँकेचें पत्र दाराशीं येतें, आणि इतके दिवस निजलेला प्रश्न खडबडून जागा होतो. ही रक्कम पुन्हां ठेवींतच ठेवावी, कीं कंपन्यांच्या शेअरांत व रोख्यांत गुंतवावी? हा प्रश्न घरोघरचा आहे. परंतु इंग्लंडांत सरकारनें कायदा करून बचतीवरील कर माफ केला, मुदत ठरवून दिली, आणि मुदत भरल्यावर पैशानें कोणत्या दारानें कोठें जावें हेंहि आंखून दिलें. त्यामुळें या साध्या घरगुती प्रश्नाला तेथें एक इतिहासच प्राप्त झाला आहे. त्या इतिहासांत एक बोध पुनःपुन्हां उमटलेला दिसतो : कर माफ झाल्यानें व्याज वाचतें, पैशाचें मोल वाचेलच असें नाहीं, आणि कायद्याचें पंचांग व बाजाराचें पंचांग हीं एकमेकांशीं क्वचितच जुळतात.

या कथेचा प्रारंभ पोस्टाच्या खिडकीपाशीं होतो. ग्लॅडस्टन हे अर्थमंत्री असतांना १८६१ सालीं इंग्लंडांत पोस्टाची सेव्हिंग्ज बँक निघाली. मजूर, मोलकरीण, शाळामास्तर अशा माणसांना आपले थोडके शिलिंग निर्धास्तपणें ठेवतां यावे, हा तिचा हेतु होता. व्याजाचा दर शेंकडा अडीच. आणि नवल असें कीं, हा दर पुढें शंभरांहून अधिक वर्षें कायम राहिला. दोन महायुद्धें झालीं, महागाई आली आणि गेली. पोस्टाचे अडीच टक्के हलले नाहींत. ठेवणाराची त्याबद्दल फारशी तक्रारहि नव्हती. त्याला व्याजापेक्षां निश्चिंत झोंप अधिक प्रिय होती. हिंदुस्थानांत १८८२ सालीं याच धर्तीवर पोस्टाची बँक सुरू झाली, आणि महाराष्ट्रांतील कित्येक घरांत पोस्टाचें पासबुक देव्हाऱ्याजवळच्या पेटींत जपून ठेवलें जाऊं लागलें. त्या पेटीची आठवण ठेवली, म्हणजे इंग्रज ठेवीदाराचा स्वभाव समजण्यास निराळें कांहीं सांगावें लागत नाहीं.

करमाफीचा प्रवेश पहिल्या महायुद्धांत झाला. युद्धाचा अवाढव्य खर्च केवळ धनिकांच्या कर्जांवर भागेना; तेव्हां सामान्य माणसाच्या खिशाकडे सरकारची दृष्टि वळली. पुढें भारतमंत्री म्हणून हिंदुस्थानांत सर्वतोमुखीं झालेले एडविन माँटेग्यू हे त्या वेळीं इंग्लंडच्या अर्थखात्यांत होते. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून १९१६ सालीं युद्धबचतीचीं सर्टिफिकिटें निघालीं. पंधरा शिलिंग सहा पेन्स देऊन एक सर्टिफिकीट घ्यावें आणि पांच वर्षांनीं त्याचा पुरा एक पौंड मिळावा, अशी ही योजना होती. हिशेब केला तर हें व्याज सालीना शेंकडा सव्वापांचाच्या आसपास पडे. आणि त्यावर प्राप्तीचा कर नसे. युद्धाच्या दिवसांत कराचे दर चढलेले असल्यामुळें ही सवलत लहान नव्हती. पुढच्याच वर्षीं, १९१७ सालीं, हिंदुस्थानांतहि पोस्टाचीं कॅश सर्टिफिकिटें विक्रीस आलीं.

पांच वर्षें, ठराविक रक्कम आणि करमाफी, या तीन धाग्यांनीं इंग्लंडच्या बचतीचें वस्त्र येथून पुढें विणलें गेलें. पण त्याची उसवणहि येथेंच दिसूं लागली. १९१४ ते १९२० या काळांत इंग्लंडांतील निर्वाहाच्या वस्तूंचे भाव दुपटीहून अधिक झाले. १९१६ सालीं सर्टिफिकीट घेणाऱ्या माणसाला १९२१ सालीं कबूल केलेला पौंड पैन्‌पै मिळाला, परंतु तो पौंड घेऊन तो बाजारांत गेला तेव्हां पूर्वीच्या पंधरा शिलिंगांत येणारें सामान त्यांत येत नव्हतें. सरकारनें शब्द पाळला होता. बाजारानें कोणालाच शब्द दिलेला नव्हता. मुदत भरली त्या वेळीं सरकारनें पैसे परत नेण्याचा आग्रह न धरतां मुदत वाढवून दिली व व्याज पुढें चालू ठेवलें. पुष्कळांनीं तीं सर्टिफिकिटें तशींच पेटींत राहूं दिलीं. मुदत भरल्यावर कांहींच न करणें, हें या प्रश्नाचें पहिलें ऐतिहासिक उत्तर होय, आणि आजहि तेंच सर्वांत लोकप्रिय उत्तर आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारनें बचतीस निरनिराळीं रूपें दिलीं. १९५६ सालच्या अंदाजपत्रकांत हॅरॉल्ड मॅक्मिलन यांनीं बक्षिसांचे प्रीमियम बाँड काढले. त्यांवर व्याज नाहीं, पण सोडतींत मिळणारें बक्षीस करमुक्त. कांहीं धर्मगुरूंनीं व विरोधी पक्षानें याला जुगार म्हटलें. लोकांनीं मात्र ते आनंदानें घेतले. नंतर १९७० नंतरचें दशक आलें आणि महागाईनें सर्व हिशेब उधळून लावले. १९७५ च्या ऑगस्टांत इंग्लंडांतील किरकोळ भावांची वार्षिक वाढ शेंकडा २६.९ पर्यंत गेली. शेंकडा दहा व्याज मिळणाऱ्या ठेवीदाराचें मोल अशा वर्षीं वाढत नव्हतें, तें उघड उघड झिजत होतें. त्याच वर्षीं सरकारनें वृद्धांसाठीं महागाईबरोबर वाढणारीं सर्टिफिकिटें काढलीं. लोकांनीं प्रेमानें त्यांना आजीबाईंचे रोखे असें नांव दिलें. ठेव सुरक्षित असली तरी तिचें मोल सुरक्षित नसतें, याची ही सरकारी कबुलीच म्हटली पाहिजे.

यानंतर धोरणाचा रोख बदलला. मार्गारेट थॅचर यांच्या राजवटीस घरोघर भागधारक निर्माण करावयाचे होते. १९८४ सालीं टेलिफोनची कंपनी आणि १९८६ सालीं गॅसची कंपनी लोकांना विकण्यांत आली, तेव्हां पूर्वीं कधीं शेअर न घेतलेल्या लाखों माणसांनीं अर्ज भरले. त्या सुमारास, १९८६ सालच्या अंदाजपत्रकांत, अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनीं पर्सनल इक्विटी प्लॅन जाहीर केला. लोक त्याला पेप म्हणत. १ जानेवारी १९८७ पासून प्रत्येक प्रौढ माणसास वर्षाला २,४०० पौंडांपर्यंत ब्रिटिश कंपन्यांच्या शेअरांत गुंतवितां येऊं लागले. लाभांशावर कर नाहीं, नफ्यावरहि कर नाहीं. योजना सुरू होऊन पहिलें वर्ष पुरें होण्याच्या आंतच, १९ व २० ऑक्टोबर १९८७ या दोन दिवसांत, लंडनच्या शंभर मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक पंचमांशाहून अधिक कोसळला. नव्या भागधारकांना पहिला धडा फार लवकर मिळाला. ज्यांना तो मानवला नाहीं ते पुन्हां ठेवींकडे वळले.

त्यांच्यासाठीं दुसरें दालन उघडण्याचें काम जॉन मेजर यांनीं केलें. २० मार्च १९९० रोजीं त्यांनीं मांडलेलें अंदाजपत्रक हें दूरचित्रवाणीवर दाखविलें गेलेलें पहिलें अंदाजपत्रक होतें. त्यांत त्यांनीं एका विशेष करमुक्त बचतखात्याची घोषणा केली. आद्याक्षरांवरून त्याला टेसा असें सुटसुटीत नांव पडलें. खातें १ जानेवारी १९९१ पासून उघडतां येऊं लागलें. तोंपर्यंत मेजर स्वतः पंतप्रधान झाले होते. पांच वर्षांत एकूण ९,००० पौंड ठेवण्याची मर्यादा होती. पहिल्या वर्षीं ३,००० पर्यंत, पुढें दरवर्षीं १,८०० पर्यंत. म्हणजे ज्यानें प्रत्येक वर्षाची मर्यादा गांठली त्याला शेवटच्या वर्षीं ६०० च उरत. पांच वर्षें मुद्दलास हात लावला नाहीं, तर व्याजावर कर नाहीं. मध्येंच मुद्दल काढलें, तर सवलत गेली. पोस्टाच्या खिडकीपाशीं उभ्या राहणाऱ्या माणसाच्या वृत्तीला हें खातें अगदीं मानवणारें होतें. पैसा बँकेंत किंवा घरबांधणीस कर्ज देणाऱ्या सोसायटींत राही, दररोज भाव पाहण्याची यातायात नसे, आणि संयमाचें फळ कायद्यानें ठरलेलें असे.

काळहि अनुकूल होता. १९९० च्या शरदांत महागाई शेंकडा १०.९ पर्यंत चढली होती आणि बँक ऑफ इंग्लंडचा दर शेंकडा १४ होता. टेसा उघडणाराला प्रारंभीं भरघोस व्याज मिळालें, आणि पुढें महागाई झपाट्यानें उतरल्यामुळें त्या व्याजाचें खरें मोलहि टिकलें. परंतु महागाईबरोबर व्याजाचा दरहि उतरला. १९९५ संपतां संपतां तो साडेसहांवर आला. अशा स्थितींत जानेवारी १९९६ उजाडला, आणि पांच वर्षांपूर्वीं पहिल्याच आठवड्यांत उघडलेलीं खातीं एकामागून एक पुरीं होऊं लागलीं.

हा प्रसंग या इतिहासांतील सर्वांत रंजक होय. एका कायद्यानें लाखों कुटुंबांची घड्याळें एकाच वेळीं लावली होतीं; तीं आतां एकाच वेळीं वाजूं लागलीं. एकीकडे बँका व सोसायट्या म्हणत, ‘पैसा हलवूं नका, दुसरा टेसा उघडा.’ कायद्यानें तशी सोय केलेली होती. मुदत भरल्यापासून सहा महिन्यांच्या आंत जुन्या खात्याचें ९,००० पर्यंतचें मुद्दल नव्या टेसांत एकदम भरतां येई. जमलेलें व्याज मात्र बाहेर राही. दुसरीकडे पेपचे व्यवस्थापक आपल्याकडे बोलावीत. पेपांत त्या वेळीं वर्षाला ६,००० पौंड, आणि एकाच कंपनीच्या शेअरांसाठीं आणखी ३,००० पौंड घालतां येत. दोन्हीची बेरीज ९,००० होते, म्हणजे नेमकी टेसाच्या मुद्दलाइतकी. शिवाय १९९५ पासून कंपन्यांच्या कर्जरोख्यांनाहि पेपांत प्रवेश मिळाला होता, त्यामुळें शेअरांना भिणाऱ्या माणसालाहि तिकडे जाण्यास एक पायरी मिळाली.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. टेसा आणि पेप यांच्यामध्यें भिंत होती. टेसाचा पैसा करमुक्त राहूनच सरळ पेपांत जाईल, अशी व्यवस्था नव्हती. तो आधीं बाहेर काढावा लागे, आणि मग त्या वर्षाच्या पेपच्या मर्यादेंत बसेल तेवढा पुन्हां आंत घालावा लागे. म्हणून हलविणें हा खरोखर निर्णय होता. तो ज्यांनीं १९९६ च्या प्रारंभीं घेतला, त्यांना दैवानें हात दिला. १९९५ अखेर लंडनचा निर्देशांक ३,६८९ होता. १९९९ च्या अखेरीस तो ६,९३० झाला. निर्देशांकाप्रमाणें चाललेली ६,००० पौंडांची रक्कम चार वर्षांत, लाभांश न धरतांहि, ११,२०० च्या वर गेली. शेजारी पुन्हां टेसांत राहिलेला गृहस्थ आपल्या सावधपणाबद्दल स्वतःलाच दोष देऊं लागला असल्यास नवल नाहीं.

याच भरांत सरकार बदललें व योजनाहि बदलली. मजूरपक्षाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनीं पेप व टेसा हीं दोन्ही नव्या पैशास बंद करून ६ एप्रिल १९९९ पासून एकच छत्र उभारलें. त्याला आयसा म्हणतात. प्रथम सरकारनें अशी कल्पना मांडली होती कीं, एका माणसास जन्मभरांत ५०,००० पौंडांहून अधिक रक्कम करमुक्त ठेवतां येऊं नये. ज्यांनीं पेपांत आधींच त्याहून अधिक सांठविलें होतें, त्यांनीं असा गिल्ला केला कीं ही कल्पना सोडून द्यावी लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा ७,००० पौंड ठरली. त्यांपैकीं रोख ठेवींत ३,००० च ठेवतां येत. चालू असलेल्या टेसांना आपलीं पांच वर्षें पुरीं करूं दिलीं, आणि मुदत भरल्यावर त्यांच्या मुद्दलासाठीं खास टेसापुरता आयसा निर्माण केला. परंतु तो रोख ठेवींचाच. छत्र एक झालें. छत्राखालची भिंत मात्र तशीच उभी राहिली.

१९९६ सालीं ज्यांनीं दुसरा टेसा उघडला होता त्यांची मुदत २००१ सालीं भरली. या वेळीं गेल्या पांच वर्षांतील शेजाऱ्यांची भरभराट त्यांच्या डोळ्यांसमोर होती, आणि हें डोळ्यांसमोरचें चित्रच धोक्याचें होतें. २००० च्या अखेरीस निर्देशांक ६,२२२ वर होता. म्हणजे शिखरावरून उतार लागलेला होता. पण उतार लागला आहे हें उतरून झाल्यावरच कळतें. त्या वेळीं ज्यानें ७,००० पौंड शेअरांच्या आयसांत घातले, त्याची रक्कम निर्देशांकाप्रमाणें चालली असें धरल्यास १२ मार्च २००३ रोजीं ती सुमारें ३,७०० उरली होती. त्या दिवशीं निर्देशांक ३,२८७ वर आला होता. आणखी एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. हा आंकडा १९९५ अखेरच्या आंकड्याहूनहि खालीं होता. म्हणजे १९९६ सालचा भाग्यवान मनुष्यहि जर नेमका या दिवशीं पैशाच्या गरजेनें बाजारांत आला असता, तर लाभांश सोडून त्याच्या हातांत सात वर्षांनंतर मूळ मुद्दलहि पडलें नसतें. उत्तर तेंच होतें, माणसेंहि तशींच होतीं. केवळ पत्र येण्याची तारीख निराळी होती.

त्याच काळांत एका निराळ्या मोहानें पुष्कळांस गांठलें. ठेवींवरचें व्याज उतरलेलें, शेअरांची भीति वाटणारी; अशा माणसांपुढें ‘ठराविक मोठें उत्पन्न’ देणाऱ्या योजना मांडण्यांत आल्या. त्यांत गोम अशी होती कीं, शेअरांचा निर्देशांक एका ठराविक रेषेखालीं गेला म्हणजे मुद्दल झपाट्यानें कमी होई. निर्देशांक त्या रेषेखालीं गेला, आणि या योजनांना कडेलोटाचे रोखे असें नांव पडलें. त्या विकतांना ग्राहकांस नीट समज दिली नाहीं म्हणून कांहीं संस्थांना पुढें दंडहि झाला. येथें ठेवीदाराची चूक हांवेची नव्हती. जें ठेवीसारखें दिसतें तें ठेव असलेंच पाहिजे, असा त्याचा समज होता. आणि मुदत भरलेल्या पैशाच्या भोंवतीं फिरणाऱ्या विक्रेत्याचें सर्व कौशल्य या समजावरच उभें असतें.

मग रोख ठेव तरी निर्भय होती काय? १४ सप्टेंबर २००७ रोजीं इंग्लंडांतील एका मोठ्या गृहकर्जाच्या बँकेपुढें, नॉर्दर्न रॉकपुढें, ठेवीदारांच्या रांगा लागल्या. १८६६ नंतर ब्रिटनमध्यें बँकेवर अशी धांव झाली नव्हती. तीन दिवसांनीं सरकारनें ठेवींची हमी घेतली तेव्हां रांगा मोडल्या. आयसांतील करमुक्त ठेवी असोत कीं साध्या ठेवी असोत, रांगेंत दोघी सारख्याच उभ्या होत्या. कर माफ करणारा कायदा बँकेला बळकट करीत नाहीं, हें त्या दिवशीं सर्वांस दिसलें.

अशा वेळीं, ६ एप्रिल २००८ रोजीं, भिंतींत दार पडलें. जुने पेप शेअरांचे आयसा झाले, टेसापुरते आयसा साधे रोख आयसा झाले, आणि रोख आयसांतील मागील वर्षांची सांठविलेली रक्कम करमुक्त स्थितींतच शेअरांच्या आयसांत हलविण्याची परवानगी मिळाली. दार मात्र एकाच बाजूस उघडणारें होतें. रोखींतून शेअरांत जातां येई. शेअरांतून रोखींत परत येतां येत नसे. ज्या माणसानें त्याच महिन्यांत उत्साहानें दार ओलांडलें, त्याच्या मागें तें लागलें आणि समोर वादळ उठलें. सप्टेंबरांत न्यूयॉर्कची लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली. एप्रिलांत सुमारें ५,९०० असलेला निर्देशांक ३ मार्च २००९ रोजीं ३,५१२ वर आला. परतण्यास वाट नाहीं म्हणून जे मुकाट्यानें थांबले, त्यांना २०१० च्या अखेरीस निर्देशांक पुन्हां ५,९०० च्या आसपास भेटला. घाबरून विकणारांचें नुकसान कायमचें झालें.

याच्या उलट, दाराच्या अलीकडे राहिलेल्यांची कथा संथ आहे, म्हणून ती कमी सांगितली जाते. पण ती कमी दुःखाची नाहीं. ५ मार्च २००९ रोजीं बँक ऑफ इंग्लंडनें आपला दर अर्ध्या टक्क्यावर आणला, आणि तो सात वर्षांहून अधिक काळ तेथेंच राहिला. २०११ च्या सप्टेंबरांत महागाई शेंकडा ५.२ होती. मार्च २०२० मध्यें दर ०.१ वर गेला. ऑक्टोबर २०२२ मध्यें महागाई ११.१ वर चढली. मुदतीच्या रोख आयसांत पैसा ठेवणाऱ्या वृद्ध दांपत्याच्या पासबुकांतील आंकडा एकदांहि कमी झाला नाहीं. त्या आंकड्यानें येणारें कोळसे, भाकरी आणि औषध मात्र वर्षानुवर्षें कमी होत गेलें. १९२१ सालच्या पौंडाचीच ही पुनरावृत्ति होती. शेअरांचें नुकसान विजेसारखें पडतें आणि सर्वांस दिसतें. ठेवीचें नुकसान वाळवीसारखें लागतें, आणि लाकूड हातांत घेतल्याशिवाय कळत नाहीं.

जुलै २०१४ पासून दार दोन्ही बाजूंनीं उघडूं लागलें. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनीं वर्षाची मर्यादा १५,००० पौंड केली, ती सर्वच्या सर्व रोख ठेवण्याची मोकळीक दिली, आणि शेअरांतून रोखींत परतण्याची वाटहि खुली केली. २०१७ पासून मर्यादा २०,००० झाली. परंतु सरकारची इच्छा पुन्हां जुन्या वळणावर आली. लोकांचा पैसा बँकांत निजून राहण्यापेक्षां तो उद्योगधंद्यांच्या भांडवलांत यावा, या विचारानें अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनीं २६ नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकांत जाहीर केलें कीं, एप्रिल २०२७ पासून पासष्ट वर्षांखालील माणसांस वर्षाला १२,००० पौंडच रोख आयसांत नव्यानें ठेवतां येतील. वृद्धांची मर्यादा पूर्वींइतकीच राहील. त्याबरोबरच, त्या वयाखालील लोकांस शेअरांच्या आयसांतून रोखींत परतण्याची मनाई करण्याचेंहि योजिलें गेलें. २००८ सालचें एकतर्फी दार अशा रीतीनें पुन्हां बसविण्याचा बेत ठरला.

हा सर्व क्रम पाहिला म्हणजे सरकारच्या हेतूंची एक मालिका डोळ्यांपुढें येते. १९१६ सालीं तोफा हव्या होत्या, १९८६ सालीं भागधारक हवे होते, १९९० सालीं काटकसर हवी होती, २०२५ सालीं उद्योगांना भांडवल हवें होतें. यांपैकीं कोणताहि हेतु निंद्य नाहीं. पण त्यांपैकीं कोणताहि हेतु म्हणजे अमुक घरांतील मुलीच्या शिक्षणाची किंवा अमुक वृद्धाच्या शेवटल्या दहा वर्षांची तरतूद नव्हे. सवलत ही सरकारच्या प्रयोजनासाठीं दिलेली असते. ठेवीदारानें ती घ्यावी, परंतु प्रयोजन आपलेंच ठेवावें, हा विवेक या इतिहासानें शिकविला आहे.

व्यवहाराच्या दोन गोष्टी यांतून निघतात. पहिली कागदपत्रांची. आयसांतील रक्कम हलवावयाची असल्यास ती स्वतः काढून नव्या ठिकाणीं नेऊं नये. काढली कीं ती छत्राबाहेर गेली, आणि बहुतेक खात्यांत पुन्हां आंत येण्यास त्या वर्षाचीच मर्यादा खर्चावी लागते. ज्या संस्थेकडे जावयाचें तिच्याकडे बदलीचा अर्ज द्यावा. ती जुन्या संस्थेकडून पैसा परस्पर मागविते. रोख खात्यांतील बदलीस कामाचे पंधरा दिवस आणि इतर बदलीस तीस दिवस ही मुदत तेथें ठरलेली आहे. दुसरी गोष्ट काळाची. पत्र ज्या दिवशीं आलें त्याच दिवशीं सर्व रक्कम एका बाजूची दुसऱ्या बाजूस नेलीच पाहिजे, असें कोणत्याहि कायद्यानें कधीं सांगितलेलें नव्हतें. १९९६ व २००१ या दोन वर्षांतील अंतर ज्यानें मनांत ठेवलें, तो रक्कम हप्त्याहप्त्यानें हलवितो, म्हणजे कोणत्याहि एका तारखेच्या दयेवर सर्व संसार राहत नाहीं. चार-पांच वर्षांच्या आंत लागणारा पैसा तो ठेवींतच राहूं देतो, कारण बाजारास सावरण्यास जो अवधि लागतो तो त्या पैशापाशीं नसतो. आणि ज्या पैशाची गरज दूर आहे तो सगळाच रोख ठेवून वाळवीच्या स्वाधीन करीत नाहीं.

लंडनचा निर्देशांक १९९९ अखेरच्या शिखरावर पुन्हां पोंचला तो फेब्रुवारी २०१५ मध्यें. पंधरा वर्षें म्हणजे पांच वर्षांच्या तीन मुदती. तितका काळ वाट पाहण्याची शक्ति ज्या पैशांत आहे, त्यालाच भांडवल म्हणावें. ज्यांत ती नाहीं, त्याला घरखर्च म्हणावें, मग तो कोणत्याहि खात्यावर असो. मुदत भरल्याचें पत्र बँक पाठविते, परंतु या दोहोंची वांटणी घरांत बसूनच करावी लागते; आणि ती आधींच झालेली असली, म्हणजे पत्र आल्यानें कोणाची झोंप मोडत नाहीं.